आधी पाणी मोजा, मग कॅमेरा!

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. ती नववीत शिकते आणि तिचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. ओहोटी लागली, की तिथल्या खडकांमध्ये पाण्याची लहान लहान डबकी उरतात आणि त्या डबक्यांत एक निराळंच गाव वसलेलं दिसतं. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा, फुलासारखा उमललेला आणि जरा धक्का लागला की मिटून बसणारा समुद्रफूल नावाचा प्राणी, फटीत लपलेले बोटाएवढे मासे! या साऱ्यांचे फोटो तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचे आहेत. पण वरून फोटो काढला, की त्यात मासा कमी आणि आभाळच जास्त दिसतं. म्हणजे कॅमेरा पाण्याच्या आत न्यायला हवा.

खरी पंचाईत पुढेच आहे. भाऊबीज, वाढदिवस आणि आजीने हळूच हातात ठेवलेल्या नोटा असं सगळं मिळून तिने पैसे साठवलेत. बाबा म्हणतात, माझा फोन वॉटरप्रूफ आहे, वेगळा कॅमेरा कशाला? दादा म्हणतो, सायकलच्या दांडीला लावतात तो चौकोनी छोटा कॅमेरा घे. दुकानदार म्हणतो, हा न्या, एकदम वॉटरप्रूफ, बिनधास्त बुडवा! आता कोणाचं ऐकायचं?

मंडळी, गंमत अशी, की यातलं कोणीच खोटं बोलत नाही, पण कोणी पुरतं खरंही सांगत नाही. कारण ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द एकटा असला, की त्याला फारसा अर्थच नसतो. ‘गाडी लांब जाते’ म्हटल्यावर आपण लगेच विचारतो ना, किती लांब? तसंच इथेही विचारायचं. किती खोल? किती वेळ? कसल्या पाण्यात? आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : झाकण कोण लावणार?

हे चार प्रश्न नीट समजले, की कॅमेरा शोधणं सोपं होतं. चला तर, एकेक करून पाहू.

पाण्याचा भार किती?

आधी एक सोपा प्रयोग. भोक नसलेली प्लॅस्टिकची पातळ पिशवी घ्या. तिच्यात हात घाला आणि पाण्याने भरलेल्या बादलीत हात कोपरापर्यंत बुडवा. पिशवीचं तोंड मात्र पाण्याबाहेर राहू द्या. काय झालं? पिशवी चहूबाजूंनी हाताला चिकटली! जणू कोणी हात आवळून धरलाय. हाच पाण्याचा दाब. जितकं खोल जाल, तितका तो वाढत जातो.

किती वाढतो, हे तुम्हीच काढू शकता. १ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद एवढीशी जागा घ्या. तिच्यावर १० मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा आहे अशी कल्पना करा. १० मीटर म्हणजे १००० सेंटिमीटर. म्हणजे खांबात १००० घन सेंटिमीटर पाणी झालं. ते होतं १ लिटर आणि त्याचं वजन १ किलो. म्हणजे १० मीटर खोलीवर नखाएवढ्या जागेवर १ किलोचा भार!

आता खिशात मावणारा कॅमेरा घेऊ. लांबी ११ सेंटिमीटर, उंची साडेसहा. त्याची मागची बाजू झाली सुमारे ७१ चौरस सेंटिमीटर. १० मीटरवर तिच्यावर पडणारा भार ७१ किलो. म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीवर एक मोठा माणूस उभा राहिल्यासारखंच की! आणि गुडघाभर, अर्ध्या मीटर पाण्यात? फक्त साडेतीन किलो. पाहिलंत ना, पाणी तेच, कॅमेराही तोच, पण खोली बदलली की सगळा हिशेबच बदलतो.

आणखी एक. हा हिशेब कॅमेरा पाण्यात शांतपणे धरलेला असताना लागू पडतो. हातात कॅमेरा घेऊन काठावरून धाडकन उडी मारलीत, तर पाण्यावर आपटताना क्षणभर त्याला कितीतरी मोठा तडाखा बसतो. काही कंपन्या तर आपल्या माहितीपुस्तिकेत कॅमेऱ्यासह पाण्यात उडी मारू नका असंच बजावतात.

पेटीतून पाण्यात

या दाबाशी माणसाने झुंज कशी दिली, ते मोठं मजेदार आहे. इंग्लंडमध्ये १८५६ साली विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी लाकडी पेटीत कॅमेरा बंद केला आणि वेमथच्या उपसागरात दोरीने तळाशी सोडला. पाण्याने आपला हिसका दाखवलाच, पेटीत पाणी शिरलं. तरीही काचेवर समुद्रतळाचं अंधूक चित्र उमटलं होतं! पाण्याखालचा हा पहिला फोटो मानला जातो.

त्यानंतर १८९३ साली फ्रान्समध्ये लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने पाणबुड्याचा पोशाख घालून स्वतः समुद्रात उतरून फोटो काढले. त्याच्या पेटीला त्याने हवेने भरलेला रबरी फुगा जोडला होता. का बरं? पेटी खोल गेली, की पाण्याचा दाब फुग्याला दाबायचा आणि फुग्यातली हवा पेटीत जायची. मग आतला दाबही बाहेरच्याइतकाच व्हायचा आणि पाणी आत घुसायला धडपडेनासं व्हायचं. आहे ना नामी युक्ती?

पुढे पेटीशिवायच पाण्यात जाणारा कॅमेरा आला. समुद्रसंशोधक जॅक कूस्तो यांच्यासाठी बेल्जियमचे इंजिनिअर जाँ द वूटर्स यांनी तो तयार केला. कूस्तोंच्या जहाजाचं नाव कॅलिप्सो, म्हणून कॅमेऱ्याचं नावही कॅलिप्सो. १९६३ पासून जपानच्या निकॉन कंपनीने तो निकोनॉस या नावाने विकला. त्याच्या पुढच्या पिढ्या २००१ सालापर्यंत निघत होत्या. त्यात फिल्म घालावी लागायची. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म गेली, मेमरी कार्ड आलं. पण पाणी अडवण्याचं तंत्र मात्र बरंचसं तेच राहिलंय.

कुकरमधलं कडं, कॅमेऱ्यातलं कडं

ते तंत्र तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. कुकरच्या झाकणातली रबरी रिंग पाहिलीत ना? ती जुनी होऊन कडक झाली, की वाफ फुस्स करून बाहेर निघते आणि आई म्हणते, रिंग बदलायला झाली. पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्यातही बॅटरीच्या दाराला असंच एक बारीक रबरी कडं किंवा रबरी पट्टी असते. दार बंद केलं, की रबर दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि फट बुजते. बस्स! हजारो रुपयांचा कॅमेरा आणि आपल्याला मोह पाडणारा सगळा समुद्र, या दोघांमध्ये एवढंच काय ते रबर उभं असतं.

रबराच्या एका कड्याची किंमत किती असू शकते, याची एक दुःखद आठवण आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत नष्ट झालं आणि त्यातले सातही अंतराळवीर मृत्यू पावले. चौकशीत कारण सापडलं ते बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्यांत. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती आणि गारठलेलं रबर पटकन फुगून फट बुजवू शकलं नाही. रिचर्ड फाइनमन या नामवंत शास्त्रज्ञांनी चौकशीच्या बैठकीत रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात धरला आणि थंड झाल्यावर तो पूर्वीसारखा पटकन मूळ आकारात येत नाही, हे सर्वांसमोर दाखवलं. साधा प्रयोग, पण सगळ्यांना पटला.

म्हणून आपल्या चौथ्या प्रश्नाचं महत्त्व. कॅमेरा कितीही चांगला असो, त्याचं दार लावणारा हात तुमचा असतो. रबरावर वाळूचा एक कण, एखादा केस किंवा टॉवेलचा धागा राहिला, तर तेवढ्या वाटेने पाणी आत जातं.

घरी करून पाहा

घट्ट झाकणाचा, झाकणात रबरी पट्टी असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या. आत कोरड्या टिपकागदाची घडी आणि डबा बुडावा म्हणून एक-दोन दगड ठेवा. झाकण लावून डबा बादलीत अर्धा तास बुडवा. बाहेर काढा, बाहेरून नीट पुसा आणि मगच उघडा. कागद कोरडा असेल, तर डबा पास!

आता त्याच रबरावर शिवणाचा एक आडवा दोरा ठेवा. त्याची दोन्ही टोकं झाकणाच्या आत-बाहेर लोंबू द्या आणि पुन्हा अर्धा तास बुडवा. बहुतेक वेळा या खेपेला कागद ओला निघतो. डबा तोच, बादली तीच. बदलला फक्त एक दोरा! ज्याला पाण्यातला कॅमेरा हवाय, त्याने आधी हा प्रयोग करावाच.

आकड्यांची भाषा

कॅमेऱ्याच्या किंवा फोनच्या खोक्यावर ‘आयपी’ अशी अक्षरं आणि पुढे दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, आयपी ६८. ही जगभर वापरली जाणारी खूण आहे. पहिला आकडा धुळीचा. त्यात ६ हा सर्वांत वरचा, म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. पहिल्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल, तर धुळीचा आकडा दिलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

पाण्याच्या आकड्यांपैकी हे लक्षात ठेवा :

४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे चालतील. पावसाच्या सरीत चालेल, पण बुडवायचं नाही.

५ आणि ६ म्हणजे नळीतून जोराने येणारी पाण्याची धार सोसेल.

७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं तग धरेल.

८ म्हणजे १ मीटरपेक्षाही खोल चालेल. पण किती खोल आणि किती वेळ, हे कंपनीने स्वतः ठरवून लिहायचं असतं. म्हणून नुसता ८ पाहून खूश होऊ नका, त्यापुढचं बारीक अक्षर वाचा.

इथे एक मेख आहे बरं का! ७ किंवा ८ मिळालेली वस्तू बुडवून घेण्याची परीक्षा पास झालेली असते. धारेची परीक्षा वेगळी. ती दिली असेल, तर तसे दोन्ही आकडे लिहितात. म्हणजे बुडणारी वस्तू जोरदार नळाखाली धरली तरी चालेलच, असं समजायचं नाही.

आणि तिसरा प्रश्न? या परीक्षा साध्या गोड्या पाण्यात होतात. समुद्राचं पाणी खारं. ते सुकलं, की मिठाचे स्फटिक मागे उरतात. ते फटीत, बटणाखाली, रबरावर साचतात आणि धातूला गंज चढवतात. पोहण्याच्या तलावात क्लोरीन असतं. साबणाचं पाणी तर सापडेल त्या फटीत शिरतं. गरम पाण्याच्या कुंडातही कॅमेरा नेऊ नका. उष्णतेने रबर आणि चिकटवलेले भाग बिघडतात.

आता शोधू या कॅमेरा

बाबांचा फोन. आयपी ६८ चा फोन चुकून बादलीत पडला, तर बहुधा वाचतो. पण फोनच्या कंपन्या हे संरक्षण कायमचं नसतं, वापराने कमी होतं, असं स्वतःच सांगतात. पाण्याने झालेला बिघाड सहसा हमीत बसत नाही. शिवाय फोनचा पडदा बोटाच्या स्पर्शातली वीज ओळखून चालतो. पाणीही वीज वाहून नेतं, त्यामुळे पाण्याखाली पडद्याचा गोंधळ उडतो आणि फोटोचं बटणच दाबलं जात नाही. थोडक्यात, फोनचं ‘वॉटरप्रूफ’ हे अपघातासाठी आहे, सहलीसाठी नाही. बाबांचा फोन समुद्रात नको.

प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी. फोन घालून गळ्यात अडकवायची पिशवी स्वस्त मिळते. होडीत, पावसात ती उपयोगी पडते. ती घेतलीच, तर आधी फोनऐवजी टिपकागद घालून अर्धा तास बुडवून पाहा. हा नियम कधीही मोडू नका.

दादाचा चौकोनी कॅमेरा. याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात. गोप्रो कंपनीचा २०१६ साली आलेला हीरो ५ ब्लॅक वेगळ्या पेटीशिवाय १० मीटरपर्यंत जाऊ शकत होता. २०२४ सालच्या हीरो १३ ब्लॅकचीही मर्यादा १० मीटरच आहे. पोहणं, होडी, लाटा यांचं चित्रण तो झकास करतो, कारण त्याला खूप रुंद दृश्य दिसतं. पण त्याचं भिंग अगदी जवळच्या वस्तूवर नेम धरत नाही. डोंगर सुंदर येईल, खेकड्याचे डोळे धूसर येतील.

टणक कॅमेरा. हा दिसायला साध्या खिशातल्या कॅमेऱ्यासारखाच असतो, पण पाणी, धक्का आणि थंडी सोसेल असा बांधलेला. २०२३ साली आलेला ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ हे त्याचं चांगलं उदाहरण. १५ मीटर खोल पाणी, २.१ मीटर उंचीवरून पडणं, १०० किलोचा भार आणि उणे १० अंश सेल्सिअस थंडी, एवढं तो सोसतो असं कंपनी सांगते. त्याच्या दारांना दुहेरी खटका असतो. भिंगापासून १ सेंटिमीटरवरच्या वस्तूचाही तो स्पष्ट फोटो काढतो. म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या खेकड्यासाठी जणू बेतूनच केलेला! पण किंमत? बाजारात आला तेव्हा अमेरिकेत सुमारे ५५० डॉलर. त्या वेळच्या दराने ४५ हजार रुपयांच्या आसपास. भाऊबीज कितीही दणदणीत झाली, तरी हा आकडा मोठाच.

जुना कॅमेरा. काही चांगले टणक कॅमेरे आता नव्याने निघत नाहीत, पण वापरलेले मिळू शकतात. निकॉनचा २०१७ सालचा कूलपिक्स डब्ल्यू ३०० तर नवा असताना ३० मीटरपर्यंत जाणारा होता. पण लक्षात आहे ना, कुकरची रिंग कडक होते! बऱ्याच कंपन्या दर वर्षी रबर बदलून घ्यायला सांगतात. जुना कॅमेरा घेताना तो आतून कधी ओला झाला होता का, दारातल्या रबराला चिरा आहेत का, आणि रबर बदलून मिळेल का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘३० मीटर’ हा आकडा नव्या रबराचा आहे, दहा वर्षांच्या रबराचा नाही.

खेळण्यातला कॅमेरा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत घातलेले, लहान मुलांसाठीचे स्वस्त कॅमेरेही मिळतात. त्यांची खोली पेटीवर अवलंबून असते आणि फोटो साधेच येतात. पण पाण्यात हात स्थिर कसा ठेवायचा, हे शिकायला ते पुरेसे आहेत.

आणि बिनपैशाची युक्ती

आता जरा आपल्या मैत्रिणीच्या डबक्याकडे जाऊ. तिथे पाणी किती? गुडघ्याएवढं, कुठे कुठे वीतभरच! मग १५ मीटरच्या कॅमेऱ्याची गरज आहे का?

सपाट तळाचा, स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या. तो रिकामाच ठेवून डबक्याच्या पाण्यावर टेकवा आणि तळ दोन-तीन बोटं पाण्याखाली जाईल इतका दाबून धरा. वरून आत डोकावा. पाण्यावरच्या लहरी नाहीशा झाल्या! आभाळाचं प्रतिबिंब उरलं असेल, तर छत्रीची सावली धरा. आता तळातून मासे असे दिसतात, जणू आपण काचेच्या खिडकीशी बसलोय. एकाने डबा धरायचा आणि दुसऱ्याने दोरी मनगटाला अडकवलेला साधा कॅमेरा डब्याच्या वर धरून फोटो काढायचा. कॅमेरा कोरडाच!

म्हणून मैत्रिणीला आमचा सल्ला असा : या वर्षीचं प्रदर्शन डब्याने गाजव. कोणता प्राणी कोणत्या डबक्यात, भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी दिसतो, याची वही ठेव. सहा महिन्यांनीही ओढ तेवढीच राहिली, तर टणक कॅमेऱ्याचा विचार कर. शक्य असेल, तर शाळेच्या विज्ञान मंडळासाठी सगळ्यांनी मिळून एक घ्या. दहा जणांनी आळीपाळीने वापरलेला कॅमेरा एकाच्या कपाटातल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त शिकवतो. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातली मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर हिंडून अशाच नोंदी करतात आणि शहराच्या पायाशी केवढी जीवसृष्टी नांदते ते लोकांना दाखवतात.

पाण्यात रंग का हरवतात?

मोठेपणी तुम्ही मालवण-तारकर्लीला बुडी माराल, तेव्हा पहिल्या फोटोत सगळं निळं-हिरवं दिसेल. कॅमेरा बिघडला म्हणून रडू नका! पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. पाचेक मीटरवर लाल फार फिका पडतो आणि दहा मीटरच्या आसपास जवळजवळ नाहीसाच होतो. १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. तेव्हा पुरेसा उजेड मिळावा म्हणून त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड भपकन पेटवली होती! आज कॅमेऱ्यात ‘पाण्याखाली’ अशी निवड असते. ती वापरा आणि मुख्य म्हणजे जवळ जा. कॅमेरा आणि मासा यांच्यात पाणी जितकं कमी, तितका फोटो लख्ख.

जवळ जा, पण हात लावू नका. प्रवाळ तर मुळीच तोडू नका, तो कायद्याने गुन्हा आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे आपण पाहुणे!

बुडवण्याआधी आणि नंतर

बुडवण्याआधी हात कोरडे करा. बॅटरी आणि कार्ड घरीच घाला. वाळूवर बसून दार कधीही उघडू नका. रबर डोळ्यांजवळ धरून पाहा, मऊ कोरड्या कापडाने टिपा, दार लावा आणि दोन्ही खटके बसले का ते पुन्हा पाहा. मग आधी बादलीत बुडवा. बुडबुड्यांची माळ निघाली, तर कॅमेरा लगेच बाहेर!

बाहेर आल्यावर कॅमेरा सुकू देऊ नका. गोड्या पाण्याच्या बादलीत काही मिनिटं बुडवून ठेवा, म्हणजे मीठ विरघळेल. मग पुसून सावलीत वाळवा. पूर्ण कोरडा झाल्यावरच दार उघडा. ओला असताना चार्जिंगला तर कधीच लावू नका.

आणि आत पाणी गेलंच तर? लगेच बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात पुरू नका! तांदळाची पूड आणि कण उलट आत शिरतात. ॲपल कंपनीनेही फोन तांदळात ठेवू नका असं आपल्या सूचनांत लिहिलं आहे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

कॅमेरा पाण्यात टिकतो, याचा अर्थ मूल पाण्यात सुरक्षित असतं असा नाही. डोळा कॅमेऱ्यात गुंतला, की पायाखालचा शेवाळलेला खडक आणि मागून येणारी भरती दिसत नाही. म्हणून तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. एक, पोहता येत असो वा नसो, मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. दोन, भरतीची वेळ आधी पाहायची आणि पाणी चढायला लागण्यापूर्वी परतायचं. तीन, आणि ही मुलांना तोंडपाठ हवी : कॅमेरा हातातून सुटला, तर त्याच्या मागे जायचं नाही. असे बहुतेक कॅमेरे पाण्यात बुडतात, तरंगत नाहीत. म्हणून मनगटाला तरंगणारा पट्टा लावावा. तो मिळाला नाही आणि कॅमेरा गेला, तर जाऊ द्यावा. आणि मूल हात हलवत घरी आलं, तर आधी त्याला जवळ घ्यावं. पैशांचा हिशेब दुसऱ्या दिवशी करता येतो. रागावण्याच्या भीतीने एखादं मूल कॅमेरा शोधायला पुन्हा पाण्यात उतरेल, त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

तर दोस्तांनो, दुकानात गेलात आणि कोणी ‘एकदम वॉटरप्रूफ’ म्हणालं, की हसून विचारा : किती खोल, किती वेळ, कसल्या पाण्यात? चौथ्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, ते तुमच्याच हातात असतं.

आता या आठवड्याचं काम. डबा आणि दोरा यांचा प्रयोग करा. दोऱ्याऐवजी केस, वाळूचा कण, कागदाचा कपटा असं काय काय ठेवून पाहिलंत आणि कशाने किती पाणी आत आलं, याचा तक्ता आखून आम्हाला पाठवा. बादली भरायची आहेच, तर त्या पाण्याने नंतर अंगणातली झाडं जगवा. भेटू पुढच्या आठवड्यात!